बाल्कनी घ्यावी, पण कोणत्या बाजूची?

क्रूझच्या जहाजावरच्या केबिनचे मुख्य प्रकार चार: आतली, खिडकीची, बाल्कनीची आणि स्वीट. आतल्या केबिनमधून समुद्र दिसत नाही. खिडकीच्या केबिनमधून तो दिसतो, पण त्याचा वारा लागत नाही. बाल्कनीच्या केबिनमध्ये दोन्ही साधते. स्वीटमध्ये इतके काही ठेवलेले असते की समुद्राकडे बघायला वेळच उरू नये, अशी बहुधा कंपनीची योजना असावी. भाडे याच क्रमाने वाढत जाते, आणि बुकिंगच्या आधी घरात होणारे मतभेदही.

भाडे माणशी सांगतात आणि एका केबिनमध्ये दोघे राहणार असे धरून सांगतात. एकट्याने जाणाऱ्याकडून पुष्कळ कंपन्या जवळजवळ दोघांचे भाडे घेतात. लग्न न करून जन्मभर वाचवलेले पैसे इथे एका फटक्यात वळते होतात. तिसऱ्या आणि चौथ्या माणसाला भाडे कमी पडते, कारण त्याला छतातून किंवा भिंतीतून ओढलेल्या बर्थवर झोपायचे असते. हे बर्थ पहिल्या रात्री मुलांना कौतुकाने दिले जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी शिडीवरून उतरताना कोणाचा पाय कोणाच्या तोंडावर पडला, याची चौकशी चालू असते. यावर अनुभवी कुटुंबांनी काढलेला तोडगा असा, की आईवडिलांसाठी बाल्कनीची केबिन घ्यावी आणि पॅसेजच्या पलीकडची समोरची आतली केबिन मुलांना द्यावी. दोन बाल्कन्यांपेक्षा हे स्वस्त पडते. प्रत्यक्षात मुले दिवसभर बाल्कनीत असतात आणि आईवडील मुलांच्या केबिनमध्ये शांत झोपलेले असतात; म्हणजे तोडगा सर्वांना लाभतो, फक्त ठरला तसा नाही.

केबिन निवडताना पहिली भेट होते ती फोटोशी. फोटोत पलंगाभोवती मंगळागौरीचा फेर धरता येईल एवढी जागा दिसते. ती कॅमेऱ्याच्या रुंद भिंगाची कमाई. साधी केबिन १५० ते १८० चौरस फुटांच्या आसपास असते आणि बाल्कनी असली तर तिचे आणखी ४०-५०. ही फसगत आजची नाही. चार्ल्स डिकन्स १८४२ च्या जानेवारीत ‘ब्रिटानिया’ या आगबोटीने लिव्हरपूलहून अमेरिकेला निघाले, तेव्हा लंडनमधल्या एजंटच्या ऑफिसात टांगलेल्या चित्रातली खोली आणि प्रत्यक्षात वाट्याला आलेली खोली यांचा काही मेळच बसेना. ‘अमेरिकन नोट्स’ या त्यांच्या पुस्तकाची सुरुवातच या गाऱ्हाण्याने होते. डिकन्स पुस्तक लिहून मोकळे झाले. आजच्या प्रवाशाला ती सोय नाही. त्याला घरच्या ग्रुपवर टाकायचा फोटो काढण्यासाठी बाथरूमच्या दारात पाठ टेकवून उभे राहावे लागते.

हल्ली केबिन जहाजावर बांधतच नाहीत. ती कारखान्यात तयार होते, वायरी, आरसा आणि बाथरूमसकट, आणि मग आख्खी उचलून जहाजाच्या सांगाड्यात सरकवतात. त्यामुळे तिच्यात एक इंचही उधळपट्टी नसते. भिंती पोलादी असल्याने त्यांना लोहचुंबक चिकटतो, आणि ही गोष्ट माहीत असलेले प्रवासी घरून चुंबकाचे हुक घेऊन येतात. पहिल्याच दिवशी भिंतीवर टोप्या, पिशव्या आणि ओळखपत्रांच्या दोऱ्या लटकू लागतात. इस्त्री, चहाची किटली आणि एक्स्टेन्शन बोर्ड मात्र बहुतेक कंपन्या आगीच्या भीतीने चढतानाच काढून घेतात आणि उतरताना परत करतात. पहाटे पाचला आपल्या हाताने केलेला चहा लागणाऱ्यांनी केबिन कोणतीही घेतली तरी हे दुःख अटळ आहे.

आतल्या केबिनचा खरा गुण काळोख. दिवा मालवला की सकाळचे सात आणि रात्रीचे दोन यांत काही फरक उरत नाही, आणि दुपारी जेवून आडवा झालेला माणूस उठून दात घासायला लागतो. जाणते प्रवासी टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचे चॅनेल आवाज बंद करून रात्रभर चालू ठेवतात. पडदा उजळला की उजाडले. कंपन्यांनी ही युक्ती पुढे नेली. डिस्नेच्या २०११ सालच्या ‘डिस्ने ड्रीम’ जहाजावर आतल्या केबिनना गोल खिडकीच्या आकाराचे पडदे बसवले, ज्यांत बाहेरचा खरा समुद्र दिसतो आणि मधूनच कार्टूनमधली पात्रे डोकावून जातात. रॉयल कॅरिबियनने २०१४ मध्ये ‘नॅव्हिगेटर ऑफ द सीज’वर जमिनीपासून छतापर्यंतचा ८० इंची पडदा लावून खोटी बाल्कनी केली. या बाल्कनीत पाऊस येत नाही, कबुतर येत नाही आणि कंटाळा आला तर समुद्र बंद करता येतो.

खिडकीच्या केबिनबाबत एकच सावधगिरी पुरते: खिडकीबाहेर काय आहे ते आधी विचारावे. ती फिरायच्या डेकवर उघडत असेल, तर समोरून सकाळी जोरजोरात हात हलवत चालणारे लोक जातात. दिवसा काच बाहेरून गडद दिसते, पण रात्री आत दिवा लावल्यावर चित्र उलटते, आणि पडदा ओढायचा विसरलेल्या गृहस्थांना दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या रांगेत अनोळखी माणसे हसून नमस्कार करतात. दुसरा अडथळा जीवरक्षक होडीचा. ‘दृश्य अंशतः झाकलेले’ अशी नोंद असलेल्या केबिनसमोर ही नारिंगी होडी टांगलेली असते. होडी लहान नसते. रॉयल कॅरिबियनच्या ‘ओॲसिस’ वर्गातल्या जहाजांवरची एक होडी ३७० माणसे नेते. तिच्यापुढे ‘अंशतः’ हा शब्द कंपनीच्या स्वभावातला भिडस्तपणा म्हणून वाचावा. अशा केबिनचे भाडे कमी असते. जीव वाचवायची सोय डोळ्यांसमोर टांगलेली असूनही तिला सवलत द्यावी लागते, यावरून माणूस सुट्टीवर कोणत्या मनःस्थितीत निघतो ते कळते.

आता बाल्कनी. जहाजावरच्या सामान्य प्रवाशाला बाल्कनी मिळू लागली ती अगदी अलीकडे. १९८४ च्या ‘रॉयल प्रिन्सेस’ जहाजावर सगळ्याच केबिन बाहेरच्या बाजूला ठेवल्या होत्या आणि त्यांतल्या काहींना बाल्कनी दिली होती, तेव्हा ती मोठी नवलाई ठरली. पुढे कंपन्यांना बाल्कनीतून मिळणारे भाडे दिसले आणि जहाजांच्या कडांना खणांमागून खण चढू लागले. २००४ मध्ये आलेल्या ‘क्वीन मेरी २’ला अटलांटिकच्या लाटा सोसायच्या असल्याने तिच्या खालच्या बाल्कन्यांना पुढे पोलादी भिंत आहे, उभे राहिले की समुद्र दिसतो, खुर्चीत बसले की पोलाद. २००९ च्या ‘ओॲसिस ऑफ द सीज’वर तर समुद्राकडे पाठ फिरवलेल्या बाल्कन्या आहेत. त्या जहाजाच्या पोटातल्या बागेकडे बघतात, जिथे खरी झाडे लावलेली आहेत. तिथे बसून समोरच्या बाल्कनीतल्या कुटुंबाचे ओले टॉवेल, त्यांचे भांडण आणि त्या भांडणाचा शेवट असे सगळे पाहता येते, आणि हे दृश्य समुद्रापेक्षा जास्त बदलते. २०१८ च्या ‘सेलिब्रिटी एज’वर बाल्कनी खोलीतच मिसळून टाकली: बटण दाबले की बाहेरची काच अर्धी खाली येते आणि खोलीच बाल्कनी होते. या शोधाचा मोठा गाजावाजा झाला. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटवाल्यांनी स्लायडिंग लावून बाल्कनी आत घेण्याचे काम कितीतरी आधीपासून चालवले होते. त्यांना त्याबद्दल पुरस्काराऐवजी महापालिकेच्या नोटिसा आल्या.

बाल्कनीतून किती दिसते, याचा हिशेब करता येतो. पृथ्वी गोल असल्याने क्षितिजाचे अंतर बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर ठरते: उंचीच्या मीटरांचे वर्गमूळ काढून त्याला साडेतीनने गुणले की साधारण किलोमीटर येतात. जुहूच्या वाळूत उभ्या असलेल्या माणसाला साडेचार किलोमीटर समुद्र दिसतो. पाण्यापासून २५ मीटर उंच बाल्कनीतून साडेसतरा किलोमीटर. म्हणजे बाल्कनीच्या जादा भाड्यात जुहूपेक्षा तेरा किलोमीटर जास्त पाणी मिळते. आणि सर्वांत वरच्या उघड्या डेकवर, ४० मीटर उंचीवर, आतल्या केबिनच्या प्रवाशाला फुकटात बावीस किलोमीटर दिसते, तेही चारी बाजूंनी. हा हिशेब बुकिंगच्या वेळी घरात मांडून पाहावा असा सल्ला इथे दिलेला नाही. बाल्कनी घेतली जाते तेव्हा “अहो, त्यांनी गेल्या वर्षी बाल्कनीच घेतली होती” या वाक्यापुढे वर्गमूळ टिकत नाही.

पाणी सगळीकडे सारखे असले तरी बाजू निवडण्याचा प्रश्न उरतोच. जहाजाच्या तोंडाकडे बघून उभे राहिले की डावी बाजू पोर्ट आणि उजवी स्टारबोर्ड. मुंबई-गोवा फेरीचे उदाहरण घेऊ. बॅलार्ड पिअरहून सुटलेले जहाज बंदरातून दक्षिणेकडे निघते तेव्हा गेटवे, ताजमहाल हॉटेल आणि कुलाबा उजवीकडे राहतात. उरण आणि पुढे मांडवा-अलिबागची बाजू डावीकडे. उघड्या समुद्रात आल्यावर सूर्यास्त उजवीकडे आणि कोकणचा किनारा डावीकडे. तेव्हा रत्नागिरीचा किनारा बघायचा म्हणून डावी बाल्कनी घेणारे पुष्कळ असतात. किनारा तिथेच असतो, यात शंका नाही. पण जहाज किनाऱ्यापासून बरेच आतून जाते, आणि रत्नागिरी येते तेव्हा बहुधा रात्र असते, त्यामुळे दिसलाच तर एखादा दिवा. तो दीपगृहाचा की मासेमारीच्या ट्रॉलरचा, यावर बाल्कनीत मतभेद होतात, आणि ज्यांचे आजोळ रत्नागिरीचे ते दीपगृहाचाच म्हणतात. परतीच्या वाटेवर सगळे उलटते: किनारा उजवीकडे, सूर्यास्त डावीकडे. दोन्ही वेळचा सूर्यास्त आपल्याच बाल्कनीतून हवा असेल तर दोन केबिन घ्याव्या लागतील.

वास्तुशास्त्र पाळणाऱ्यांची इथे मोठीच पंचाईत होते. गोव्याला जाताना पूर्वाभिमुख असलेली बाल्कनी येताना पश्चिमाभिमुख होते, आणि धक्क्याला लागताना जहाज वळते तेव्हा ती थोडा वेळ दोषयुक्त दक्षिणेलाही तोंड करते. पलंग केबिनबरोबर वळतो, त्यामुळे पाय कोणत्या दिशेला आहेत हे फक्त कप्तानाला माहीत असते.

परदेशी फेऱ्यांत बाजूला खरा अर्थ येतो, आणि तिथेच जुना सल्ला घातक ठरतो. व्हेनिसला जहाजे सान मार्कोच्या चौकासमोरून जात, तेव्हा येताना उजवी आणि जाताना डावी बाल्कनी घ्यावी हे सर्वांना पाठ होते. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना त्या वाटेने जायला बंदी झाली आणि त्यांना मार्गेरा या औद्योगिक बंदराकडे वळवले जाऊ लागले. पाठांतर पक्के असलेल्या प्रवाशाला आता त्याच बाल्कनीतून टाक्या आणि क्रेन दिसतात. अलास्काला व्हँकुव्हरहून एकाच दिशेने उत्तरेकडे जाणाऱ्या फेरीत किनारा उजवीकडे असतो, म्हणून उजवी बाजू बरी. मात्र ग्लेशियर बे इथे हिमनदीसमोर जहाज सावकाश फिरवतात, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखेच दर्शन घडते. नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये दोन्हीकडे डोंगर इतके जवळ असतात की बाजूचा विचार करणे व्यर्थ. सिंगापूरहून निघणाऱ्या दोन-तीन रात्रींच्या क्रूझवर महाराष्ट्रातून सहलींचे गट मोठ्या संख्येने जातात. तिथे बाल्कनीतून सामुद्रधुनीत नांगरलेली मालवाहू जहाजे दिसतात, शेकड्यांनी. ज्याला कंटेनरची आवड आहे त्याने तीच घ्यावी. बंदरात थांबलेल्या दिवशी तर बाल्कनीसमोर काय येईल ते धक्का ठरवतो. गोव्याला जहाज लागते ते मुरगाव बंदरात, आणि हे बंदर कोळसाही हाताळते. गोवा म्हणून मनात जे असते ते बाल्कनीत बसून मिळत नाही. टॅक्सी करावी लागते.

आता हेलकावे. जहाज मुख्यतः दोन तऱ्हांनी हलते. पुढचे आणि मागचे टोक वर-खाली होते, आणि सगळे जहाज डावी-उजवीकडे झुलते. पहिली हालचाल टोकांना सर्वांत जास्त, मध्यभागी कमी. दुसरी जितके वर जावे तितकी जास्त. झुलणे कमी करायला जहाजाच्या पोटाखाली पंख असतात, पण टोकाच्या उसळण्यावर त्यांचा फारसा उपाय चालत नाही. यातून निघणारा निष्कर्ष कंपनी मोठ्या अक्षरांत छापत नाही: सर्वांत स्थिर जागा मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर असते, जिथे भाडे कमी, आणि सर्वांत हलणाऱ्या जागांपैकी एक म्हणजे वरच्या मजल्यावरचा पुढचा महागडा स्वीट. ज्याला बोट लागते त्याने या सत्याशी वाद घालू नये. आवळासुपारी आणि आल्याचे तुकडे यांनी जे व्हायचे ते होते; केबिन मधली घेतल्याने त्याहून जास्त होते.

हेलकाव्यांपेक्षाही झोप उडवतो तो आवाज. तो टाळायचा तर जागा पारखून घ्यावी लागते, आणि ही पारख जुनी आहे. मुंबई-गोवा मार्गावर पूर्वी ‘कोकणसेवक’सारख्या बोटी चालत, तेव्हा केबिनवाले थोडे आणि डेकवाले फार. डेकवर वळकटी उलगडली की जागा ठरली. ती उलगडण्याआधी जाणता माणूस चार गोष्टी बघे: वारा येतो का, पाणी उडते का, येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय लागतात का, आणि शेजारच्याला बोट लागते का. दृश्याचा विचार कोणी करत नसे. समुद्र होताच. आजच्या डेकप्लॅनवर, म्हणजे जहाजाच्या मजल्यांच्या नकाशावर, हाच अभ्यास लागू पडतो, फक्त तो वर आणि खाली करायचा. वरच्या मजल्यावर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज डोक्यावर येतो, कारण उन्हातल्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून जागा धरणारे लोक सूर्याच्या आधी उठतात. खाली नाइटक्लब असेल तर मध्यरात्रीनंतरही पलंग ठेका धरतो. पुढच्या टोकाला खालची केबिन घेतली तर धक्क्याला लागताना पहाटे जहाज आडवे सरकवणाऱ्या यंत्रांची घरघर, आणि नांगर टाकायचा असेल तर साखळीचा खडखडाट. पिछाडीच्या बाल्कन्या ऐसपैस असतात, मागे उमटत जाणारी पाण्याची पांढरी वाट तिथून सुरेख दिसते, आणि म्हणून त्या आधी संपतात. पण तिथे प्रोपेलरच्या पंख्यांची थरथर जाणवते, कधी धुराड्याची काजळी खुर्चीवर बसते, आणि नाटकगृह पुढच्या टोकाला असल्याने रोज जेवणानंतरची शतपावली सहस्रपावली होते. दोन केबिनना जोडणारे मधले दार असेल तर शेजाऱ्याचे घोरणे पलंगाच्या उशाशी येते. डेकप्लॅनवर एखादी जागा नुसती पांढरी सोडलेली दिसली तर तिच्याखालची केबिन घेऊ नये. तिथे बहुधा कर्मचाऱ्यांची सामानाची ने-आण चालते, आणि ट्रॉलीची चाके रात्री झोपत नाहीत.

‘गॅरंटी’ भाड्याने केबिन घेतली तर यातले काहीच निवडता येत नाही. प्रकार पक्का, जागा कंपनी ठरवेल ती. स्वस्त पडते, कधी नशीब उघडून वरचा प्रकारही मिळतो, आणि बहुतेक वेळा इतरांनी डेकप्लॅन पाहून सोडलेली केबिन मिळते. केबिनच्या क्रमांकाची काळजी करणाऱ्यांसाठी: पुष्कळ जहाजांवर १३ वा मजलाच नसतो, आणि काही इटालियन जहाजांवर १७ वा, कारण तिकडे १७ अशुभ. अमावास्येला निघू नये असे मात्र कोणत्याही कंपनीने अजून ठरवलेले नाही.

बाल्कनी मिळाल्यावर तिचे काय करायचे, याचे नियम कडक आहेत. सिगारेट बहुतेक कंपन्या चालू देत नाहीत. २३ मार्च २००६ रोजी ‘स्टार प्रिन्सेस’ या जहाजावर जमैकाच्या वाटेवर आग लागली, ती बाल्कनीवर पडलेल्या सिगारेटच्या थोटकामुळे लागली असावी असा निष्कर्ष निघाला. प्लॅस्टिकचे आडपडदे आणि खुर्च्या यांनी ती बाल्कनीवरून बाल्कनीवर पसरली आणि एका प्रवाशाचा मृत्यू झाला. त्यानंतर बाल्कनीतल्या सामानाचे आणि आगीच्या सूचनेचे आंतरराष्ट्रीय नियम बदलले. कपडे वाळत घालायलाही परवानगी नसते, आणि हे मराठी गृहिणीला पटवणे अवघड जाते. समोर एवढे ऊन, एवढा वारा आणि एवढा मोठा कठडा असताना ओली साडी बाथरूममध्ये कोंडून ठेवणे तिच्या तत्त्वात बसत नाही. पण वाऱ्याचा हिशेब तिच्या विरुद्ध जातो. जहाज २० नॉट वेगाने चालले तर हवा स्तब्ध असतानाही बाल्कनीच्या कडेने ताशी ३७ किलोमीटरचा वारा वाहतो, आणि चिमटा सुटलेला परकर तिसऱ्या देशाच्या हद्दीत जाऊ शकतो. शिवाय बाल्कनीचे दार उघडे ठेवले की पुष्कळ जहाजांवर एसी आपोआप बंद होतो. त्यामुळे उघडे दार, वारा, आणि आत थंडगार खोली हे स्वप्न पहिल्या दुपारीच सोडावे लागते.

निवड अशी करावी. मुंबई-गोवा किंवा सिंगापूरच्या दोन-तीन रात्रींसाठी मधल्या भागातली आतली केबिन पुरे. दिवस बुफेत, नाटकगृहात आणि वरच्या डेकवर जातो, आणि बाल्कनी फोटोपुरती लागते, जो वरच्या डेकवरही चांगला येतो. अलास्का, नॉर्वे किंवा आठवड्याहून लांबची फेरी असेल तर बाल्कनीला पैसे द्यावेत; थंडीत पांघरूण घेऊन एकट्याने डोंगर बघत बसायला ती एकच जागा असते. बोट लागणाऱ्याने मजला खालचा घ्यावा. झोप सावध असणाऱ्याने वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असलेली केबिन घ्यावी. जहाज भरलेले असेल तर एकदा मिळालेली केबिन सहसा बदलून मिळत नाही. डेकप्लॅन कंपनीच्या वेबसाइटवर फुकट बघायला मिळतो. पैसे भरण्याआधी तो उघडून आपल्या डोक्यावर काय आहे आणि पायाखाली काय आहे एवढे तरी बघून घ्या.